बिऱ्हाडाचा गणपती

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ येऊ लागली की परळच्या एसटी आगारात आणि दादरच्या फलाटावर कोकणाकडे निघालेल्या चाकरमान्यांची जी रीघ लागते, ती मुंबईकरांच्या चांगलीच परिचयाची आहे. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि मूळ घरच्या गणपतीला पोहोचणे पूर्वीपेक्षा सुकर झाले. परंतु या गर्दीत जे दिसत नाहीत, त्यांच्याविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे. कुणाची रुग्णालयात रात्रपाळी असते, कुणाला रजा नसते, कुणाच्या घरी तान्हे मूल असते. लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत अशी तरुण जोडपी सणाच्या दिवशी एकटीच उरतात. गावी आरतीला पन्नास माणसांचा मेळा, आणि इथे दोघेच. त्यांच्या सणाला सण म्हणायचे की नाही?

२०२२ सालच्या श्रावणात लालबागला आमचे कीर्तन होते. ते आटोपल्यावर असाच एक तरुण पत्नीला घेऊन आमच्यापाशी आला. कडेवर सहा महिन्यांचे बाळ होते. तो म्हणाला, "बुवा, यंदा गावी जाणे शक्य नाही. इथेच दीड दिवसाचा गणपती आणावा असे हिच्या मनात आहे. पण थोरले काका म्हणतात, घराण्यात गणपती एकच. दुसरा आणलात तर घर फुटले असे होईल. आम्ही काय करावे?" पत्नी काही बोलली नाही, मात्र तिचे डोळे भरून आले होते. हा प्रश्न एका घराचा नव्हे. तो आम्हांला गिरगावात विचारला गेला आहे, दादरला विचारला गेला आहे, आणि कित्येक घरांत याच प्रश्नावरून भावाभावांत अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

काकांचे म्हणणे निराधार नाही. जे एका पाकावर, म्हणजे एका चुलीवर राहतात, त्यांचे देव, पितर आणि ब्राह्मण यांचे पूजन एकत्र व्हावे. जे विभक्त झाले त्यांनी ते आपापल्या घरी करावे, अशा आशयाचे बृहस्पतीचे वचन धर्मशास्त्रात प्रसिद्ध आहे. मात्र त्यातला 'पाक' हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. मनाने एकत्र असलेले, पण पोटासाठी शंभर कोसांवर स्वतंत्र चूल मांडलेले कुटुंब तिथल्या देवापुढे नैवेद्य ठेवते, तेव्हा ते वाटणी मागत नसते. चूल वेगळी झाली म्हणजे मने वेगळी झाली असे नव्हे. मुंबईतली चूल ही बहुधा गावच्या चुलीला हातभार लावण्यासाठीच पेटलेली असते.

आणखी एक गोष्ट पाहा. ज्या 'धर्मसिंधू'च्या आधाराने महाराष्ट्रात घरोघर व्रतांचे निर्णय होतात, तो ग्रंथ काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९०-९१च्या सुमारास लिहिला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातल्या गोळवलीचे; शास्त्रीबुवा राहिले मात्र आमच्या पंढरपुरात. मूळ गाव सोडलेल्या घराण्यातल्या विद्वानानेच आपल्याला सण कसे करावेत हे सांगितले आहे.

पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात प्रथम देशाचा आणि काळाचा उच्चार असतो. म्हणजे पूजक ज्या भूमीवर बसला आहे, ती भूमी तो सांगतो. मग तो आपले गोत्र सांगतो आणि आपल्या कुटुंबाचे, परिवाराचे क्षेम मागतो. लालबागच्या खोलीत बसलेला तरुण पूजा मांडतो ती मुंबईच्या भूमीवर, पण गोत्र सांगतो ते काका-आजोबांचेच. त्याने मागितलेले क्षेम गावच्या ओटीवर बसलेल्या वृद्धांपर्यंतही पोहोचते. आप्त डोळ्यांसमोर नसले तरी संकल्पात असतात. आणि देव तरी कुठे कायमचा राहायला येतो? पार्थिव मूर्तीत आवाहन केले की यायचे, उत्तरपूजा झाली की निघायचे, तोही पाहुणाच.

आप्तांपासून दूर राहून सण करणे ही मुंबईला नवी गोष्ट नाही. या नगरीत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे लोंढ्याने आली. बायकामुले बहुधा गावीच राहत. पुरुष एकेका गावाच्या नावाने घेतलेल्या गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. अशा वस्त्यांतूनच सार्वजनिक उत्सव वाढला. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत तो १८९३ साली सुरू झाला. तिथली मूर्ती आजही घरगुती गणपतीसारखी लहानच असते. चिंचपोकळीचे मंडळ १९२०चे, गणेश गल्लीचे १९२८चे, लालबागच्या बाजारातले १९३४चे. मंडपाची उंची पाहून आपण दिपतो. पण ज्यांना त्या रात्री घर नव्हते, त्यांना एका आरतीत उभे करणे हे या उत्सवाचे मोठे काम होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. आरती मात्र राहिली.

हे दुःख आपल्याच धर्मातल्या लोकांच्या वाट्याला आले असेही नाही. नोकरीसाठी आणि बोटीवर जाण्यासाठी मुंबईत उतरणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी धोबीतलावच्या बाजूला गावागावांचे 'कूड' काढले. तिथे गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी असा नेम असे. नाताळात घरी न पोहोचलेल्या खलाशाला तीच वेदी घराच्या ठिकाणी होती. माणूस कोणत्याही पंथाचा असो, परमुलखात तो आधी देवाची जागा करतो आणि मग तिच्याभोवती माणसे जमवतो.

आता गौरीविषयी. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा घेते आणि मूळ नक्षत्रावर निघते. तीन दिवसांची ती माहेरवाशीण. ज्या सुनेला त्या वर्षी स्वतःचे माहेर अंतरलेले असते, तिनेच गौरीचे माहेर व्हायचे, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, निघताना तिची ओटी भरायची. दादरच्या फुलबाजारात रानातून आणलेला तेरडा घेणाऱ्या तरुण मुली पाहिल्या की आमच्या मनात येते, जिला आज कुणी लेक म्हणायला जवळ नाही, ती आज आई होत आहे.

२०२० साली महामारीमुळे प्रवासावर निर्बंध आले तेव्हा असंख्य घरांवर हीच वेळ एकदम आली. लालबागच्या राजाचीही मूर्ती त्या वर्षी बसली नाही. मंडळाने रक्तदानासारखे उपक्रम केले. देव कुणावर कोपला नाही. माणसांनी जिथे होते तिथे हात जोडले.

तेव्हा त्या तरुणाला आम्ही जे सांगितले तेच इथे लिहितो. प्रथम वडीलधाऱ्यांची अनुज्ञा घ्यावी. ती मिळेपर्यंत धीर धरावा, पण विचारल्यावाचून राहू नये. मूळ घरच्या गणपतीचा आपला वाटा न चुकता पाठवावा. इथे मूर्ती आणणे होत नसेल तर तांदळावर सुपारी मांडूनही गणेशपूजन होते. आणायचीच तर वीतभर मातीची मूर्ती, दूर्वा आणि घरचे मोदक पुरेत. संकल्पात जेवढे बोलाल तेवढेच पाळायचे. यंदापुरते म्हटले तर यंदापुरतेच. आणि शेजारच्या ज्या दारी कुणी एकटे असेल, त्याला आरतीला बोलवावे.

त्याने काकांना दूरध्वनी केला. काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आण. पण गाऱ्हाणे मीच घालणार." चतुर्थीला मध्यान्हीची पूजा झाल्यावर त्या दहा फुटी खोलीत मूर्तीपुढे दूरध्वनी ठेवला गेला आणि गावच्या पडवीतून काकांचा आवाज आला. त्यांनी मुंबईत राहणाऱ्या लेकरांचे नाव घेऊन रक्षण मागितले. दोघांनी आणि आरतीला जमलेल्या शेजाऱ्यांनी "होय महाराजा" म्हटले. हे सारे त्या तरुणाने आम्हांला नंतर सांगितले.

ज्या घरांतून थोरले आहेत त्यांनी या काकांचे वागणे लक्षात ठेवावे. लेकरू दूर राहून देवाला हात जोडत असेल, तर त्याच्या मागे उभे राहावे. गणपती बाप्पा मोरया!