कुत्र्याच्या अंगावरचा नायटा

पावसाळ्याचे दिवस असतात. घरांतील लाडक्या कुत्र्याच्या कानामागें रुपयाएवढा एक डाग दिसूं लागतो. तेथील केस झडलेले असतात, कातडीवर राखेसारखा कोंडा असतो आणि डागाची कडा किंचित् लाल असते. घरांतील वडील माणसें म्हणतात, "याला लूत लागली, बाहेर बांधा." कोणी गंधक लावण्यास सांगतो, तर कोणी कपाटांतील खाजेचें मलम काढून आणतो. तों आठ-पंधरा दिवसांनीं धाकट्या मुलीच्या दंडावर तसाच एक वाटोळा चट्टा उठतो, आणि मग मात्र सर्वांचीच झोंप उडते.

असा प्रत्येक डाग लुतीचाच असतो असें नाहीं. लूत आणि खरूज हे रोग कातडींत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळें होतात. नायटा बुरशीमुळें होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परंतु किडे मारण्यासाठीं पोटांत दिलेल्या औषधानें बुरशी हटत नाहीं. शिवाय कुत्र्याच्या अंगावरचा नायटा माणसाप्रमाणें नेहमीं वाटोळाच असतो असेंही नाहीं. यासाठीं औषधापूर्वीं परीक्षा होणें अगत्याचें असतें.

नायट्याची बुरशी केस, नखें आणि कातडीचा वरचा मृत थर यांवर उपजीविका करते. कुत्र्यांमध्यें तिच्या मुख्यतः तीन जाती आढळतात, व प्रत्येकीचें माहेर निराळें. मायक्रोस्पोरम कॅनिस या जातीच्या नांवांत कुत्रा असला, तरी तिचें खरें घर मांजर होय. वरून निरोगी दिसणाऱ्या मांजराच्या केसांतूनही ती येते. नॅनिझिया जिप्सिया ही जमिनींत राहते. म्हणून माती उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकावर व पंजांवर ती प्रथम दिसते. ट्रायकोफायटन मेंटॅग्रोफायटीझ ही बहुधा उंदरांकडून मिळते. लागण झाल्यापासून डाग उमटेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. पिल्लें, वृद्ध कुत्रे आणि दुसऱ्या आजारानें क्षीण झालेले कुत्रे यांना ती लवकर गांठते.

डाग हा या रोगाचा डोळ्यांना दिसणारा भाग. न दिसणारा भाग याहून मोठा असतो. रोगट केस ठिसूळ होऊन तुटतो, आणि त्या तुटक्या केसाभोंवतीं बुरशीच्या बीजकणांचें जणूं कवचच असतें. हे केस सतरंजीवर, गादीवर, कंगव्यांत आणि मुलांच्या कपड्यांवर पडतात. कोरड्या जागेंत हे बीजकण एक वर्षाहून अधिक काळही जिवंत राहूं शकतात. म्हणून कुत्र्याला अंगणांत बांधल्यानें रोग घराबाहेर जात नाहीं. तो सतरंजीवर तसाच राहतो.

परीक्षेचीं साधनें तीन आहेत. पहिलें म्हणजे वुडचा दिवा. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1903 सालीं अतिनील किरण गाळून घेणारी कांच तयार केली, आणि 1925 पासून तिचा उपयोग नायटा ओळखण्याकडे होऊं लागला. अंधाऱ्या खोलींत या प्रकाशाखालीं मायक्रोस्पोरम कॅनिसनें ग्रासलेले केस पुष्कळदां हिरवट चमकतात. परंतु वर सांगितलेल्या दुसऱ्या दोन जाती तशा चमकत नाहींत. म्हणून चमक नसली म्हणजे नायटा नाहीं, असा निर्वाळा देतां येत नाहीं. दुसरें साधन, उपटलेले केस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहणें. तिसरें, केस व कोंडा पोषक द्रव्यावर ठेवून बुरशी वाढवून पाहणें. या कामीं पॅरिसचे वैद्य रेमों साबूरो यांनीं घालून दिलेली पद्धत आजही मार्गदर्शक आहे. बुरशी सावकाश वाढते, म्हणून उत्तरासाठीं दोन-तीन आठवडे थांबावें लागतें.

उपचाराचीं अंगेंही तीनच: पोटांतील औषध, अंगावरील औषध आणि घराची स्वच्छता. 1939 सालीं लंडन येथें पेनिसिलियम वर्गांतील एका बुरशीपासून ग्रिसिओफल्विन हें द्रव्य मिळालें. आणि 1958 सालीं ग्लासगो येथील जेंटल्स यांनीं तें पोटांत देऊन गिनीपिगांचा नायटा बरा करून दाखविला. बुरशीवर बुरशीचाच उतारा मिळाला! आज त्याची जागा बहुतांशीं इट्राकोनॅझोल व टर्बिनाफिन यांनीं घेतली आहे. हीं औषधें यकृतावर ताण आणूं शकतात. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते व ती पशुवैद्यानेंच ठरवावयाची असते. बाहेरून आठवड्यांतून दोनदां गंधक-चुन्याच्या तयार द्रावणाचें, किंवा मायकोनॅझोल व क्लोरहेक्झिडीन असलेल्या शांपूचें स्नान घालतात. गंधकाला दुर्गंधी येते खरी, पण गुण निश्चित असतो. घरांतील खाजेच्या मलमांत मात्र पुष्कळदां स्टेरॉइड असतें. त्यानें लाली मावळते आणि तिच्या आड बुरशी फोफावते.

घरांतील केस रोज झाडून, पुसून काढावेत. अंथरुणें साबणानें धुवावींत. फरशी आधीं स्वच्छ करून मगच सौम्य ब्लीचच्या पाण्यानें पुसावी, कारण धुळीवर ओतलेलें औषध वायां जातें. कुत्र्याला सहज झाडतां येईल अशा एका खोलींत ठेवावें, आणि मांजर असल्यास त्याचीही तपासणी करावी. मुलांना चट्टा उठल्यास त्यांचा उपचार त्यांच्या डॉक्टरांकडून करावा.

याहून निराळी एक बुरशी आहे, मॅलासेझिया. ती यीस्ट जातीची असून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर व कानांत थोडीबहुत असतेच. ओलावा किंवा ॲलर्जी यांमुळें ती बेसुमार वाढली, म्हणजे कातडी तेलकट होते, आंबूस वास येतो आणि कुत्रा सारखा पंजे चाटीत बसतो. तिच्यावर तोच औषधी शांपू चालतो. मात्र तो अंगावर दहा मिनिटें राहूं द्यावा लागतो. मूळ ॲलर्जी शोधली नाहीं, तर ती पुन्हां येते. नायट्याप्रमाणें ती घरांत पसरत नाहीं.

नायट्याच्या उपचारांत सर्वांत मोठी चूक होते ती शेवटीं. तीन-चार आठवड्यांत डागावर नवे केस दिसतात, घरांत आनंद होतो आणि औषध बंद पडतें. परंतु केस उगवणें ही बरें होण्याची सुरुवात असते, शेवट नव्हे. उपचार कित्येक आठवडे, कधीं दोन महिन्यांहूनही अधिक, चालवावा लागतो, आणि पुन्हां केलेल्या परीक्षेंत बुरशी उगवत नाहीं असें दिसल्यावरच तो थांबवितात. निरोगी कुत्रा कधीं कधीं कांहीं महिन्यांत आपोआपही बरा होतो. पण तोंवर तो केसागणिक रोग वांटीत असतो.

तेव्हां कानामागें डाग दिसतांच कुत्र्याला हद्दपार करण्याचें कारण नाहीं. नायटा बरा होणारा रोग आहे. औषधाइतकीच त्याला घरच्या माणसांच्या चिकाटीची गरज असते, आणि ती त्यांनीं दाखविली, तर तें कुत्रें पुन्हां मुलांच्या अंथरुणाजवळ आपली जागा घेतें.