झाडांची निगा : भाग ७
माडाची हजामत नको

गेल्या आठवड्यात आंब्याच्या छाटणीविषयी लिहिलं. ते नियम माडाच्या कुळातल्या झाडांना लावू नका. मे संपत आला की मुळशीत, पिरंगुट-पौडपासून धरणाच्या काठापर्यंत, फार्महाऊसवर एकच धांदल उडते. नारळ असो, सुपारी असो की बॉटल पाम, सगळ्या झावळ्या तोडून शेंड्याला चार-पाच उभी पानं ठेवायची. मालकाला बाग स्वच्छ दिसते, झाडाची उपासमार होते.

आंब्याची फांदी कापली तर कडेची साल हळूहळू जखमेवर चढते. माडाच्या खोडात सालीखालचा तो वाढीचा थरच नसतो. पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. वाढीचा कोंबही एकच, शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की झाड गेलं. म्हणून बुटाला खिळे लावून चढणाऱ्याला झाडाला हात लावू देऊ नये. शिडी आणावी.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पिवळ्या झावळीवरून. मुळशीच्या पावसात जमिनीतलं पालाश धुपून जातं. ते कमी पडलं की माड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानांना पुरवतो, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. ती कापली की शिल्लक साठाच गेला. मग वरची पिवळी पडतात, माळी तीही उतरवतो, आणि शेंडा दरवर्षी बारीक होत जातो. इथे पालाशयुक्त खत द्यावं, तेही एकदम न देता पावसाळ्याआधी आणि नंतर विभागून.

पूर्ण वाळून लोंबणारी झावळी तेवढी काढावी. देठाचा थोडा भाग खोडावर ठेवावा, ओढून सोलू नये. आडव्या रेषेच्या वरचं पान तर कधीच तोडू नये. नारळाला साधारण महिन्याला एक नवं पान येतं, चांगल्या झाडावर 30-35 असतात आणि प्रत्येकाच्या बेचक्यात एक पोय धरते. हिरवी झावळी गेली की नारळही कमी झाले. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो वेगळाच. बॉटल पाम वाळलेलं पान आपणच टाकतो. ते जड असतं, तेव्हा खाली गाडी किंवा मुलांची खेळायची जागा असेल तरच आधी उतरवावं.

ताम्हिणीच्या बाजूला जमीन घेतलेल्यांच्या आवारात कधी कधी भेरली माड असतो. त्याचे तुरे वरून खाली लागत येतात; सगळ्यात खालचा तुरा पिकला की झाड मरतं. हा रोग नव्हे, त्याचं आयुष्यच तेवढं. छाटून ते वाढत नाही. घराला धोका नसेल तर राहू द्या, फळं उदमांजरं खातात. आपण मात्र ती हाताळू नयेत, फार खाज सुटते.

पुढच्या भागात शेणखताच्या खड्ड्यात वाढणारा गेंड्या भुंगा. तोवर माळ्याला सांगून ठेवा, हिरव्या झावळीला कोयता लावायचा नाही.