धूर, अग्नी आणि जुनी डिझेल इंडिका

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी मोटार दुरुस्तीवर का बोलावं? कारण साधं आहे. भारतीय तर्कशास्त्राचा पहिला धडा धुरापासून सुरू होतो, आणि जुन्या डिझेल गाडीच्या दुरुस्तीचाही. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण ठरवतो. सायलेन्सरमधून धूर दिसला की आत काय बिघडलंय ते ठरवायचं असतं. दोन्हीकडे जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही तिथे पोचायचं आहे.

आम्ही काही निवृत्त मंडळी गेली काही वर्षं छंद म्हणून एक जुनी गाडी नीट करतो आहोत. २००४ सालची डिझेल इंडिका. आजची उदाहरणं तिचीच घेऊ, कारण ती आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची आहे. ही गाडी पुण्याची. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजारात. २००१ मध्ये सुधारलेली 'व्ही-टू' आली. आमची गाडी त्यातली. इंडिकाचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं, पण टॅक्सी म्हणून ती इतकी चालली की सुटे भाग अजून नाना पेठेत मिळतात, आणि तिच्या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक गावोगावी आहेत. छंदासाठी गाडी निवडताना या दोन गोष्टी रंगरूपाच्या आधी बघाव्यात.

आता इंजिनाकडे वळू. इंजिनाचं नाव ४७५ आयडीआय. चार म्हणजे चार सिलिंडर, पंच्याहत्तर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर. एकूण १४०५ सीसी. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की तो पेटतो. आयडीआय म्हणजे हा फवारा थेट सिलिंडरमध्ये न जाता बाजूच्या एका छोट्या कोठीत जातो, तिथे पेट घेतो आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये उतरते. या कोठीच्या भिंती थंड असतील तर उष्णता खातात, म्हणून सकाळी गाडी चालू करण्याआधी हीटर प्लग तापवावे लागतात. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा दिवा लागतो, तो विझला की चावी पुढे फिरवायची. एवढं लक्षात ठेवा. हवा, दाब, फवारा आणि ऊब, या चार गोष्टी जमल्या की आग नीट लागते.

आता तर्कशास्त्र. नैयायिक म्हणतात, जिथे धूर आहे तिथे अग्नी असतोच. पण याच्या उलट म्हटलं, की जिथे अग्नी आहे तिथे धूर असतोच, तर ते चूक आहे. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा बघा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर कधी येतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओलेपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. म्हणजे धूर हा अग्नीचा स्वभाव नाही, मध्ये आलेल्या आणखी कशाचा तरी तो परिणाम आहे.

मित्रहो, जुन्या डिझेल गाडीबद्दल लोक हाच उलटा नियम धरून बसलेले असतात. "डिझेल आहे, धूर तर काढणारच." नाही. इंजिनाला अग्नी हवा आहे, धूर नको आहे. धूर दिसतो तेव्हा आत कुठेतरी ओलं सरपण आहे. ते शोधणं म्हणजेच दुरुस्ती.

हे सरपण कुठलं ते धुराचा रंग सांगतो. तीन रंग आहेत, एकेक बघू.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. इथे बहुतेक जण थेट पंप खोलायला निघतात. आमचा क्रम वेगळा आहे: जे कारण तपासायला स्वस्त, ते आधी तपासायचं. सर्वांत आधी एअर फिल्टर. तो धुळीने बसला असेल तर गाडी गुदमरते. मग नोझल. नोझलने डिझेलचं धुकं करायला हवं. ते झिजलं की धुक्याऐवजी थेंब पडतात आणि थेंब पूर्ण जळत नाहीत. पंप-नोझलच्या दुकानात हातपंपाच्या यंत्रावर लावून नोझल किती दाबाला उघडतं आणि फवारा कसा पडतो ते डोळ्यांनी बघता येतं. त्यानंतर पंपाचं टायमिंग. आणि एक गोष्ट जरूर बघा. पिकअप वाढावा म्हणून आधीच्या मालकाने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतलेलं असतं. गाडी थोडी चपळ होते, आणि मागे चालणाऱ्याच्या तोंडावर काजळी येते.

पांढरा धूर म्हणजे डिझेल पेटलंच नाही, त्याची नुसती वाफ झाली. तो फक्त सकाळी येत असेल आणि इंजिन गरम झाल्यावर जात असेल, तर हीटर प्लग तपासा. मल्टिमीटर लावला तर चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतो. मेलेला प्लग काहीच दाखवत नाही. पण पांढरा धूर गरम इंजिनातही टिकत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमधलं कूलंट कमी होत असेल, तर ती पाण्याची वाफ आहे. तेव्हा हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. रंग तोच, कारणं दोन. म्हणून एका खुणेवर निर्णय द्यायचा नाही, दुसरी खूण मागायची.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा लोट आला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर, ओझ्याखाली सतत येत असेल आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर तिथूनही वाफ फुसफुसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पहिलं काम थोडक्यात उरकतं. दुसऱ्याला इंजिन उतरवावं लागतं. त्यामुळे इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि चारही सिलिंडरांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. एकच आकडा पडलेला असेल तर दुखणं एका जागी आहे. चारही पडले असतील तर ते वय आहे.

दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे शोधायची एक जुनी रीत आहे. इंजिन जागेवर चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने किंचित सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं आणि इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच बसून होता. आपण वर्गात ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतो ते हेच. कारण असताना कार्य आहे, कारण काढून घेतल्यावर कार्य जातं. आमच्याकडे येणाऱ्या मेकॅनिकने न्यायसूत्रं वाचलेली नाहीत, पण तो हे रोज करतो. एक सूचना मात्र ऐका. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसू शकतं. चष्मा घाला, वर फडकं धरा, उघडा हात समोर नेऊ नका. हात बसलेला माणूस शेजारी नसेल तर हे करूच नका.

आता सुधारणांकडे येऊ. तरुण मंडळींना यातच रस असतो. टर्बो बसवू का, रुंद चाकं लावू का? आमचा क्रम असा: गाडी आधी थांबली पाहिजे, मग दिसली पाहिजे, मग नीट श्वास घेतला पाहिजे, आणि सर्वांत शेवटी पळाली पाहिजे.

थांबणं म्हणजे ब्रेक पॅड, मागच्या ड्रममधले लायनर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, त्यामुळे गाडी उभी असली तरी ते जुनं होतं. दिसण्यासाठी हेडलाइटला रिले लावा. जुन्या वायरिंगमध्ये करंट लांबच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच व्होल्टेज पडतं. रिलेने तो बॅटरीकडून थेट येतो. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवला तरी उजेडात फरक पडतो, आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर तो टेन्शनरसकट बदलून टाका, कारण चालत्या इंजिनात तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. सस्पेन्शनचे बुश आणि इंजिन माउंटिंग बदललं की गाडी दहा वर्षं तरुण वाटते. आणि पावसाळ्याआधी गाडी वर उचलून खालचा पत्रा ठोकून बघा. रंगाखाली गंज असेल तर डेंटिंग-पेंटिंगचा खर्च फुकट.

टर्बोबद्दल थोडं सांगतो. साध्या इंजिनावर टर्बो लावला की हवा वाढते, उष्णताही वाढते, आणि हेड गॅस्केट, पिस्टन, कूलिंग यांतलं काहीच त्या हिशेबाने बनलेलं नसतं. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदललं तर आरटीओकडे रीतसर नोंद हवी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

इथे कुणाला मिलिंदपञ्हातला रथ आठवेल. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडा का? तसंच आम्हाला विचारतात, "निम्मे भाग बदललेत, मग ही तीच गाडी का?" आरटीओचं उत्तर नागसेनापेक्षा फार सोपं आहे. चासी नंबर तोच, तर गाडी तीच.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ गाड्यांना ५०. समजा सगळी उपाधी काढली, आकडा मर्यादेच्या खूप खाली आला, डोळ्यांना धूर दिसेनासा झाला. मग "गाडी स्वच्छ आहे" असं म्हणता येईल का?

इथे पुन्हा आपलं शास्त्र मदतीला येतं. जमिनीवर घडा दिसत नाही यावरून घडा नाही हे कळतं, कारण घडा असता तर दिसला असता. पण जी वस्तू असूनही दिसण्याजोगी नाही, तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होत नाही. याला योग्य-अनुपलब्धीचा विचार म्हणतात. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि अतिसूक्ष्म कण हे त्या न दिसणाऱ्यांपैकी आहेत. त्यातले कण पकडणारा फिल्टर आजच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत असतो, आमच्या इंडिकात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. छंद आमचा आणि फुप्फुसं शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांची, हे बरोबर नाही. म्हणून आम्ही काही नियम केलेत. ही गाडी रोजच्या कामाला काढायची नाही, गल्लीत उभी ठेवून इंजिन चालू ठेवायचं नाही, आणि दिसेल असा धूर आला तर कारण सापडेपर्यंत बाहेर न्यायची नाही.

एका श्रोत्यांनी प्रश्न लिहून पाठवलाय: "मग सरळ भंगारात का देत नाही?" प्रश्न योग्य आहे. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत भंगार हेच उत्तर आहे असं आम्हालाही वाटतं. ब्रेक, पत्रा आणि कॉम्प्रेशन तिन्ही गेलं असेल तर भावनेपोटी गाडी जपू नका. पण काही थोड्या गाड्या चालत्या राहाव्यात. या इंजिनात कारणापासून कार्यापर्यंतचा सगळा रस्ता डोळ्यांनी बघता येतो, हाताने अडवून तपासता येतो. आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं येतात. लॅपटॉपवर एरर कोड वाचायला ती आधीच शिकलेली असतात. इथे ती धूर बघून आधी गप्प उभं राहायला शिकतात, मग दुसरी खूण शोधायला, आणि त्यानंतर पान्याला हात लावायला. एवढं शिक्षण या गाडीकडून मिळतंय तोवर तिची नोंदणी वाढवायची. पुढच्या तपासणीत नापास झाली, तर रीतसर मोडीत काढायची आणि इंजिन वर्गात टेबलावर ठेवायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

पुढच्या व्याख्यानात हेत्वाभास घेऊ. म्हणजे कारणासारखं दिसतं, पण कारण नसतं. उदाहरणांसाठी गॅरेजमध्ये साहित्य भरपूर आहे. प्रश्न लिहून पाठवा.