बळ कशाला? फुगडी घालायला!

श्रावण तोंडावर आला, की आमच्या गावातल्या मंगळागौरीच्या ग्रुपची लगबग सुरू होते. कपाटातल्या नऊवारी बाहेर निघतात, कुणाच्या तरी गच्चीवर सराव ठरतो आणि संध्याकाळचा कुकर लावून एकेक जण पळत येते. झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप, गाठोडं... आणि शेवटी फुगडी. तास-दीड तास घाम गाळून घरी जाताना प्रत्येकीचा चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसतो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, एका कार्यक्रमात, फुगडी ऐन रंगात आली असताना आमच्या एका वहिनींचा हात सुटला. वय ४७. मागे कोसळताना त्यांनी हात टेकवला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघालं तेव्हा दिवाळीची भाजणी दळायला आली होती. घरच्यांनी निकाल लावून टाकला, ‘‘आता पुरे झालं. हे पोरीबाळींचं काम. या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला?’’

वहिनींनीही मान हलवली. मला मात्र हळूच म्हणाल्या, ‘‘हात दुखतो त्याचं काही नाही गं. पण अकरा महिने मी ज्या एका महिन्याची वाट बघते ना, तोच गेला बघ.’’

गोष्ट इथंच संपायची. पण मनगटाच्या व्यायामासाठी त्या ज्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडं जायच्या, तिनं एक दिवस सहज विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला हा हात कशासाठी हवाय?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पोळ्या लाटायला.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘आणि फुगडी घालायला.’’ ती मुलगी हसली नाही. ‘‘मग नुसता बॉल दाबून भागायचं नाही. वजन उचलावं लागेल,’’ म्हणाली.

फुगडीत नेमकं काय होतं?

दोघी जणी हातात हात अडकवून, पावलं जवळ ठेवून अंग मागं झोकून देतात. दोघींचा सगळा भार असतो तो चार तळव्यांच्या पकडीवर. गंमत म्हणजे वेग दुप्पट झाला, की ही ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून सुरुवातीला सहज पेलणारी पकड वेग वाढला की अचानक सुटते. दोष हातातल्या घामाचा नसतो दर वेळी. बोटं, मनगट, दंड आणि पाठ यांची ताकद कमी पडते.

बसफुगडीत तर सगळा मामला मांड्यांचा. उकिडवं बसून उड्या मारताना मांड्या थकल्या, की भार जातो गुडघ्यावर. झिम्म्यात पोटऱ्या, गाठोड्यात पाठ आणि पोट. म्हणजे आपले हे ‘गमतीचे’ खेळ चांगलीच ताकद मागतात. पूर्वी दळण-कांडण, विहिरीचं पाणी शेंदणं यातून ती थोडीफार आपोआप यायची. आता चक्की, मिक्सर आणि मोटर आली. ती आली ते चांगलंच झालं, पण ताकदीची सोय वेगळी करावी लागते.

आणि वयही आपलं काम करत असतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात. पाळी थांबायच्या सुमाराला हाडांची झीज वाढते. वजनाचा व्यायाम या दोन्हींना आवर घालतो, कारण ओढ-ताण मिळाला तरच स्नायू आणि हाडं ‘आपली गरज आहे’ असं समजतात!

‘घरात काय कमी उचलतो का आम्ही?’

तुम्ही हेच म्हणाल, मला माहीत आहे. दिवसभर बादल्या, सिलिंडर, कडेवरचं पोर. पण घरकामाची एक खोड आहे. भार तोच राहतो. जी कळशी वीस वर्षं उचलली, तिच्यासाठी शरीराला नवीन ताकद कमवायची गरज वाटत नाही. शिवाय पोर कायम एकाच कडेवर, बादली कायम उजव्याच हातात. व्यायामात भार दोन्हीकडं सारखा असतो आणि थोडा थोडा वाढवत न्यायचा असतो. सगळा फरक या ‘थोडा थोडा वाढवत’मध्ये आहे.

वहिनींनी सुरुवात केली ती घरातच, तीनच प्रकारांनी. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, दहा वेळा. भिंतीला हात टेकून अंग पुढं-मागं ढकलणं, दहा वेळा. आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन घेऊन अंगणात चालणं. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन-दोन लिटरपासून सुरुवात करून संक्रांतीपर्यंत पाच-पाच लिटरवर आल्या. तोवर भीड चेपली होती. मग गावातल्या जिमच्या दुपारच्या बायकांच्या बॅचला जाऊ लागल्या, पंजाबी ड्रेस आणि बूट घालून. आषाढ लागला तेव्हा त्या जमिनीवरून तीस किलोंचा बार नीट, पाठ सरळ ठेवून उचलत होत्या.

‘‘बाई गं, पुरुषी दिसायला लागशील,’’ अशी काळजी शेजारपाजारच्यांनी केलीच. या काळजीला माझं उत्तर ठरलेलं आहे. मीराबाई चानू आठवते? टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली रौप्यपदक मिळवलं ते ४९ किलो वजनगटात. स्वतः एवढीशी, पण क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो डोक्यावर उचलले! आपण आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलले म्हणून दंड पैलवानासारखे होत नाहीत. तेवढं होण्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या शरीरात फार थोडं असतं.

मग नुसतं वजनच का नाही?

कारण वजन उचलणं, खरं सांगायचं तर, कंटाळवाणं आहे. तोच बार, तीच भिंत, तोच आरसा. महिना-दीड महिना उत्साह टिकतो, मग पाहुणे येतात, परीक्षा येतात आणि जिम सुटते. वहिनींची सुटली नाही, कारण पलीकडं फुगडी वाट बघत होती. ‘‘जायचा कंटाळा आला की मी श्रावणाला किती आठवडे राहिले ते मोजायची,’’ त्या सांगतात.

आणि वजनाने सगळंच मिळत नाही. पटकन दिशा बदलणं, तोल सावरणं, दम टिकवणं, समोरचीच्या तालात ताल मिसळणं, हे खेळातच येतं. खेळात नसते ती नेमकी मोजून वाढवलेली ताकद. दोन्ही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत म्हणा ना.

तुमचा खेळ फुगडीच असायला हवा असं नाही. शाळेत खो-खो खेळलेल्या कितीतरी जणी हे वाचत असतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. ते बघून पाय शिवशिवले असतील तर रविवारी मैदानावर उतरा, पण आधी दोन-तीन महिने बैठका आणि पोटऱ्यांचे व्यायाम करा. खुंटाला वळसा घेताना गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू.

ढोलपथकात जायचंय? कमरेला ढोल बांधून तासन् तास उभं राहायला पाठ आणि खांदे लागतात. वारीला चालायचंय? सासवडच्या वाटेवरचा दिवे घाट चढणाऱ्या प्रत्येकीला पोटऱ्यांची किंमत कळते. बॅडमिंटनला खांदा आणि मनगट, बागकामाला कुंड्या उचलणारी कंबर. आवडीचा खेळ आधी ठरवा, म्हणजे कुठली ताकद कमवायची ते आपोआप ठरतं.

जे कुणी बोलत नाही

झिम्मा सोडलेल्या बायकांना कारण विचारलं, की ‘वेळ नाही’ असं उत्तर येतं. त्यातल्या काही जणींचं खरं कारण वेगळं असतं. उडी मारली, शिंक आली की लघवीचे थेंब जातात. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर पुष्कळ जणींना हा त्रास होतो, आणि लाजेपायी त्या गप्प बसतात. मैत्रिणींनो, यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचे आणि सोडण्याचे व्यायाम असतात. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतले, की बऱ्याच जणींना काही महिन्यांत फरक पडतो. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर मात्र आधी तपासणी, मग वजन.

सतत दमायला होतं त्यालाही ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. आणि ताटात उसळ, पिठलं, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, हे तुमच्याही वाट्याला येऊ द्या. सगळ्यांना वाढून उरलं तर, असं नको!

एवढं सांभाळा

• वजनाचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांना किमान तेवढाच सांगितला आहे, सोबत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल अशी हालचाल. ती खेळातून होऊन जाते.

• दोन वजनाच्या दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा.

• नवीन व्यायामानंतर अंग एक-दोन दिवस आंबतं. म्हणून सरावाच्या किंवा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको.

• उचलताना श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा.

• दहा वेळा आरामात जमलं, की मगच भार वाढवा. तोही थोडाच.

• रक्तदाब, हृदयाचा त्रास, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सांध्यात टोचणारं दुखणं उठलं तर लगेच थांबा.

• फुगडी अनवाणी, कोरड्या जमिनीवर आणि आपल्याच ताकदीच्या जोडीदारणीबरोबर.

गेल्या श्रावणात वहिनी परत उभ्या राहिल्या. घरून परवानगी कशी मिळाली म्हणाल, तर त्यांनी मागितलीच नाही! सासूबाईंसमोर गव्हाचा डबा एका दमात माळ्यावर चढवला आणि म्हणाल्या, ‘‘मंगळवारी सरावाला जातेय, आई. कुकर लावून जाईन.’’ सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘हात घट्ट धर गं.’’

बसफुगडी त्यांनी सोडली ती सोडलीच. गुडघे अजून ‘नको’ म्हणतात, आणि त्यांचं ऐकण्याचं शहाणपण वहिनींकडं आहे. पण साधी फुगडी त्यांनी घातली, माझ्याबरोबर. वेग वाढला तशी त्यांची पकड सैल होईल म्हणून मी घाबरून वाट बघत होते. झालं उलटंच. माझा हात सुटायला लागला, आणि त्यांनी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दोन कॅन पाण्याने भरले. तुम्हीही भरा. पण त्याआधी त्या मुलीनं विचारलेला प्रश्न स्वतःला विचारा. हे बळ तुम्हाला कशासाठी हवंय?