अर्धा ते साडेचार हजारांश

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, गोरखीच्या जुन्या आवारात शिंदे घराण्याचं देवघर आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे, लष्कर भागात, मुक्काम कायम केला, तेव्हापासून हा परिसर दरबाराचा. आजही दसऱ्याला इथे घराण्याची पूजा होते. मराठी माणसाला खंडेनवमी आणि दसरा नव्याने सांगायला नको: तलवार, बंदूक, करवत, हातोडी, जे हत्यार हाताशी असेल त्याला झेंडूचं फूल वाहायचं. या भागात तर बंदुकीचा मान वेगळाच. ग्वाल्हेरपासून भिंड-मुरेनापर्यंत खांद्यावरची बंदूक ही घराची प्रतिष्ठा मानली जाते. पण फूल वाहिलं जातं ते नळीला आणि दस्त्याला. बार होणार की नाही, आणि झाला तर कुठे, हे ठरतं काडतुसाच्या बुडाशी, जेमतेम ५.३ मिलिमीटर व्यासाच्या एका खळग्यात. या खळग्यात प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, बसवणं हे काडतूस भरण्याच्या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित पाऊल आहे, आणि तो खळगा घट्ट निघाला की बहुतेक हात एकच उपाय करतात: आणखी जोर लावतात. घट्टपणा ही जोराने मोडून काढायची अडचण नाही. पितळ काहीतरी सांगत असतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

ही जागा नाजूक असते हे जुन्या गोलंदाजांना पक्कं ठाऊक होतं. तोफेच्या कानात रंजक भरायची आणि बत्ती द्यायची; कान बुजला तर तोफ मुकी, आणि वारंवार बार होऊन कान झिजून रुंद झाला तर दाब तिथूनच फुंकला जायचा. म्हणून झिजलेल्या कानात तांब्याची पुंगळी बसवून नवं छिद्र पाडत. तोफ शत्रूच्या हाती पडणार असं दिसलं की तिच्या कानात खिळा ठोकत; एवढ्या अवजड वस्तूला निकामी करायला एक खिळा पुरत असे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे इंग्रजांशी लढलेल्या ग्वाल्हेरच्या तोफखान्याची सारी ताकद अशाच बारीक छिद्रांमधून पेटली होती. पुढे टोपीची बंदूक आली, मग टोपी काडतुसाच्या बुडातच शिरली. आगीची वाट लहान होत गेली, तिची काटेकोरता मात्र वाढत गेली.

किती काटेकोर, ते आकड्यांतच पाहावं. मोठ्या रायफल प्रायमरचा खळगा अमेरिकी मानकाप्रमाणे ०.२०८५ ते ०.२१०० इंच व्यासाचा असतो. प्रायमर असतो ०.२१०५ ते ०.२१३० इंचांचा. म्हणजे आत जाणारी वस्तू नेहमीच भोकापेक्षा मोठी. कमीत कमी अर्धा, जास्तीत जास्त साडेचार हजारांश इंच. ही चूक नाही, हीच पकड आहे. प्रायमरची पितळी वाटी आत जाताना किंचित आवळली जाते आणि त्या आवळण्यामुळे वायू कोंडून राहतो. वाटीत स्फोटक लेप आणि त्यावर चिमुकली ऐरण. ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकले पाहिजेत, म्हणजे फायरिंग पिनच्या घावाने लेप नीट चिरडला जातो. बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच हजारांश गेलेला असावा. हे सगळं हातातल्या लहानशा अवजारावर, अंगठ्याने तरफ दाबत केलं जातं. जाणत्या माणसाचा अंगठा इथे डोळ्याचं काम करतो: आधी सरकण्याचा एकसारखा विरोध, मग तळ लागल्याचा स्पष्ट थांबा. हा थांबा न येता तोंडाशीच अडकल्यासारखं वाटलं, तर तो अर्धा ते साडेचार हजारांशांचा खेळ नव्हे. तिथे दुसरंच काही आडवं आलेलं असतं.

बहुतेक वेळा आडवी येते ती कारखान्याने मुद्दाम केलेली मुडप, म्हणजे क्रिंप. स्वयंचलित शस्त्रात बार होताना प्रायमर आधी मागे ढकलला जातो आणि क्षणार्धात काडतुसाची पितळी पुंगळी मागे येऊन त्याला पुन्हा आत बसवते. पकड सैल असेल तर प्रायमर निसटून यंत्रणेत पडतो आणि ऐन वेळी बंदूक अडते. म्हणून लष्करी काडतुसात प्रायमरभोवतीचं पितळ आतल्या बाजूला दाबून ठेवतात, कुठे तीन-चार टोचे मारून, कुठे पूर्ण गोल कडं उमटवून. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा बनतो आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ चा. दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. जगभरच्या अशा कारखान्यांना काडतूस एकदाच उडवायचं असतं, पुंगळी पुन्हा भरणाऱ्याची सोय हा त्यांचा प्रश्नच नाही, आणि नसावाही. वापरलेला प्रायमर पिनने ठोकून काढला तरी ती मुडप खळग्याच्या तोंडाशी तशीच राहते. नवा प्रायमर तिच्यावर जोराने दाबला की वाटीची कड सोलली जाते, प्रायमर तिरका होतो किंवा चेपतो, आणि वर राहून जातो.

मुडप घालवायचे मार्ग दोन. रीमर किंवा तिरक्या धारेचं कटर फिरवून ती कापून टाकायची, किंवा पोलादी दांडा आत दाबून पितळ मूळ जागी सारायचं; दुसऱ्याला स्वेजिंग म्हणतात. कटर स्वस्त आणि झटपट, म्हणून लोकप्रिय. माझा कल तरीही स्वेजिंगकडे आहे. कापलेलं पितळ परत लावता येत नाही, आणि हात थोडा तिरका झाला की खळग्याची भिंतच रुंद होते. ज्या पकडीचा हिशेब अर्ध्या हजारांशापासून सुरू होतो, तिथे एवढी चूक पुरेशी असते. स्वेजिंग निर्दोष आहे असं नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांचा तळ कमी-जास्त जाड असतो, त्यामुळे एका पुंगळीवर जुळवलेलं यंत्र दुसरीत कमी दाबतं, तिसरीत गरजेपेक्षा जास्त. याला उत्तर आहे, कंटाळवाणं पण खात्रीचं: बुडावरचा शिक्का पाहून पुंगळ्या आधी वेगळ्या करायच्या, प्रत्येक ढिगासाठी यंत्र नव्याने जुळवायचं, आणि गेज घालून पाहायचं. ‘गो’ टोक गेलं पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. खळगा साफ करणं, तोंडाची कड मारणं, ही कामं हातासरशी होतात.

यावर अनुभवी लोक म्हणतात की घट्ट असलेलं बरं, सैल खळगा हीच खरी भीती. त्यात तथ्य आहे. कोऱ्या, मुडप नसलेल्या पुंगळीचा खळगा सगळीकडे सारखाच घट्ट लागत असेल तर ती चांगल्या पितळाची खूण आहे. दर बाराला बूड किंचित पसरतं आणि पकड ढिली पडत जाते, तेव्हा असल्या पुंगळीचं आयुष्य जास्त. तिला रीमर लावणं म्हणजे ते आयुष्य हाताने कमी करणं. पण हा युक्तिवाद माझ्याच बाजूचा आहे: एक घट्टपणा जपायचा, दुसरा काढायचा, आणि दोघांतला फरक जोर लावून कळत नाही. दुसरा आक्षेप असा की प्रायमर थोडा वर राहिला तरी बोल्ट बंद होताना बसेल. हे मात्र सरळ धोक्याचं आहे. गॅरंड किंवा एआर-१५ सारख्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आपटताना ती प्रायमरला हलकेच टेकते. वर राहिलेला प्रायमर अशा वेळी कुलूप लागण्याआधीच पेटू शकतो. म्हणूनच अर्धवट बसलेल्या जिवंत प्रायमरवर पुन्हा जोर काढणं हा या कामातला सगळ्यात वाईट निर्णय, आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर अक्षम्य.

काहीजण काजळी साफ झाली की खळगा सैल होईल या आशेने पुंगळ्या अमोनियाच्या पॉलिशमध्ये बुडवतात. काजळीने खळगा उथळ होतो, अरुंद क्वचितच. आणि अमोनिया पितळाचा जुना वैरी आहे. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली ब्रिटिश हिंदी फौजेची काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण मिळून हे घडतं, याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली केला.

राहतो इथला प्रश्न: भारतात हे कुणाच्या कामाचं? १९५९ चा शस्त्र कायदा दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रं यांनाही दारूगोळाच मानतो. परवान्याशिवाय पुंगळी भरणं गुन्हा आहे, आणि वरची आकडेवारी पाहिली की ही कडक व्याख्या मला योग्यच वाटते. शिवाय खडकीच्या जुन्या ३०३ पुंगळ्यांत बर्डन पद्धत आहे: ऐरण पुंगळीतच घडवलेली आणि ठिणगीची छिद्रं मधोमध नसून बाजूला, त्यामुळे वापरलेला प्रायमर काढायची नेहमीची पिन तिथे चालतच नाही. त्या भंगारातच शोभतात. ज्या देशांत परवानगी आहे तिथल्या नेमबाजांना मात्र हा निर्णय प्रत्येक पुंगळीपाशी घ्यावा लागतो, आणि ज्या पुंगळीच्या खळग्यात ‘नो-गो’ टोक सहज शिरलं तिचं तोंड पक्कडीने चेपून टाकावं लागतं, म्हणजे ती चुकूनही पुन्हा ढिगात मिसळणार नाही.