गाण्याआधी खर्ज

पहाटे तंबोरा जुळवून मंद्र षड्जावर, म्हणजे खर्जावर, ठिय्या देणारे गवई शरीरशास्त्र न शिकताही गळ्याला सोसेल नेमकं तेच करत आले. खालच्या सुरात स्वरतंतू आखूड, जाड, सैल असतात. कंपनं कमी, आदळआपटही कमी. तार सप्तकात हेच तंतू ताणले जाऊन सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात. उठल्याउठल्या तिथे उडी कशाला? ओठ मिटून केलेला गुंजारवही चांगला: हवेची वाट अरुंद झाल्याने उलटा दाब येतो, टक्कर सौम्य होते. मान-खांदे सैल हवेत, हे ओघानं आलंच. आयत्या वेळी घटाघटा प्यायलेलं कोमट पाणी मात्र स्वरतंतूंना शिवतही नाही. ते अन्ननलिकेत जातं. रक्तावाटे ओलावा स्वरतंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. मैफल संध्याकाळची असेल, तर पाणी सकाळपासूनच थोडं थोडं प्यायला हवं.