लघवीत साखर उतरते ती कशी

भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे वरठीत. नवखा माणूस भंडारा आलं म्हणून उतरतो आणि मग त्याला कळतं, शहर अजून काही किलोमीटर पुढे आहे. लघवीच्या रिपोर्टवर साखरेपुढे चार अधिकची चिन्हं दिसली की आपलीही अशीच फसगत होते. शेजारच्या काकू परवा तसाच कागद घेऊन आल्या. उपाशीपोटी रक्तातली साखर ११२, आणि लघवीत चार अधिक! "मशीन बिघडली का हो?" मशीन ठीक होती. गंमत मूत्रपिंडात होती, म्हणून आधी तिथे काय चालतं ते पाहू.

आपल्या एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक बारीक गाळणी आणि तिला जोडलेली वळणावळणाची नळी. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं गाळणीच्या वरच राहतात. पाणी, क्षार आणि ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, नळीत उतरतात.

दिवसाला असं सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. निरोगी माणसात त्याबरोबर १८० ग्रॅमच्या आसपास साखर उतरते. पाव किलोला थोडी कमी. लघवी मात्र होते दीड-दोन लिटर, आणि तिच्यात साखर जवळपास नसतेच. मूत्रपिंड जादा साखर तेवढी बाहेर टाकतं, असा आपला समज असतो. खरं तर ते आधी सगळीच साखर ओतून देतं आणि मग वेचून परत घेतं.

वेचणाऱ्या पेशी नळीच्या पहिल्या भागात असतात. अशा पेशीची एक बाजू नळीतल्या पाण्याकडे, दुसरी रक्ताकडे. काम सुरू होतं ते मागच्या, रक्ताकडच्या बाजूने. तिथला पंप तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. सगळी ऊर्जा खर्च होते ती इथे. त्यामुळे पेशीत सोडियम कमी पडतं, आणि नळीतलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं.

पुढच्या बाजूला एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन आहे. त्याला दार म्हणू. हे दार सोडियमला ग्लुकोजसकट आत सोडतं. म्हणजे ग्लुकोज सोडियमचं बोट धरून येतं. त्याच्यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये मांडली, तीही आतड्याचा अभ्यास करताना.

रोवणीच्या दिवसांत पाटाच्या तोंडाशी असलेली बांधी आधी पाणी ओढते, शेवटच्या बांधीला उरलंसुरलं मिळतं. इथेही तसंच. सुमारे ९० टक्के साखर सुरुवातीच्या पेशीच उचलतात. पुढे नळीत साखर इतकी विरळ होते की एका सोडियमच्या जोराने ती ओढली जात नाही. म्हणून तिथे दुसरं दार आहे, एसजीएलटी-१. इथे एका ग्लुकोजचे दोन्ही हात दोन सोडियम धरतात.

हेच दुसरं दार आपल्या आतड्यातही आहे. जुलाब झाल्यावर आशाताई ओआरएसचं पाकीट देतात, त्यात मीठ आणि ग्लुकोज सोबत असतात ते याच दारासाठी. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं.

आत आलेली साखर पेशीच्या मागच्या बाजूने, ग्लुट-२ या वाटेने, उतारावरून रक्तात परत जाते. या प्रवासात इन्सुलिनची गरज पडत नाही. इन्सुलिन कमी पडलं म्हणून मूत्रपिंडाला साखर धरून ठेवता येत नाही, असं बरेच जण समजतात. तसं नाही.

मग साखर सांडते कधी? दारं मोजकीच आहेत. रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की काही नळ्या आधी भरून वाहू लागतात, कारण सगळ्या नळ्या सारख्या ताकदीच्या नसतात. सांडलेली साखर सोबत पाणी ओढते. म्हणून लघवी जास्त होते, तहान लागते. पूर्वी लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह ओळखत, तीही हीच साखर.

आता जिथे चुकतं ते. लघवी स्वच्छ आली म्हणजे मधुमेह नाही, असं नव्हे. साखर १६० असली तरी लघवीत काहीच दिसणार नाही. वय वाढलं की ही मर्यादा वर सरकू शकते, तेव्हा तर आणखीच फसायला होतं. उलट गरोदरपणात ती खाली येते आणि साखर नॉर्मल असूनही लघवीत दिसू शकते. माझं स्पष्ट मत आहे: मधुमेहाचा निकाल लघवीवर लावूच नये, रक्त तपासावं.

काकूंचं कोडं त्यांच्या गोळीत सुटलं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली औषधं पहिलं दारच अडवतात. साखर मुद्दाम लघवीवाटे जाऊ दिली जाते. तेव्हा चार अधिक म्हणजे गोळी काम करते आहे. या औषधांची मूळ कल्पना फ्लोरिझिनवरून आली. ते १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलं होतं.

ही गोळी चालू असेल तर लघवीची जागा स्वच्छ ठेवावी. तिथे बुरशीचा त्रास होऊ शकतो. पोलाद कारखान्यात भट्टीजवळ घाम गाळणाऱ्यांनी किती पाणी प्यावं ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. जुलाब-उलट्या झाल्या, कडक उपवास धरला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्यांनाच विचारावं. अशा वेळी रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही आम्ल वाढून माणूस गंभीर होऊ शकतो. आणि पुढच्या वेळी लघवी तपासायला द्याल तेव्हा चिठ्ठीवर गोळीचं नाव तेवढं लिहा.